पाणी प्यायला येतो

भाऊ वसुलीला गेले की दारात बूट काढायचे, आणि ते कसे काढून ठेवलेत यावरून आतल्या माणसाला कळायचं की आज आपली सुटका कधी होणार. बुटांची टोकं रस्त्याकडे असली तर भाऊ उभ्या उभ्या आलेत, चहा घेऊन जातील. टोकं दुकानाकडे असली तर मुक्काम. बूट आमच्या कारखान्यातले होते, मशीनवर काम करणाऱ्यांना देतात ते, पुढे लोखंडी टोपण असलेले. भाऊ उभ्या आयुष्यात मशीनजवळ गेले नाहीत, पण बूटवाटपाच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा होता. पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि खाली ते अवजड बूट. लोणावळ्याच्या बाजारातले काही दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या आधी उंबऱ्याकडे बघायचे आणि मग भाऊंना राम राम करायचे.

आमचा कारखाना आंबीच्या बाजूला, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मोठा नाही. लोणावळ्याचे चिक्कीवाले, आंदर मावळातले गुलाबवाले, दोन-चार बेकऱ्या, अशी गिऱ्हाइकं. मी तिथे ऑफिस आणि हिशेब बघते. माझ्या कामाचे तीन भाग: माल गेला का, बिल गेलं का, पैसे आले का. पहिले दोन माझ्या हातात होते, तिसरा भाऊंच्या. बिलाच्या तळाशी 'तीस दिवसांत रक्कम द्यावी' असं आम्ही छापतो. खोक्यावर 'हळू हाताळा' छापतो तसंच ते. वाचतं कोण?

गिऱ्हाइकं वाईट नव्हती, हे आधी सांगते. त्यांचे पैसे वरून उशिरा यायचे म्हणून आमच्याकडे उशिरा यायचे, आणि आम्ही ते कागदवाल्याला त्याहून उशिरा द्यायचो. सगळा तालुका असा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभा. त्यात पगाराची तारीख तेवढी पुढे सरकत नाही. म्हणून भाऊ.

भाऊंनी वसुली करताना 'पैसे' हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांचा शब्द होता 'आपलं ते'. आपलं ते काय म्हणतंय? आपल्या त्याचं बघा जरा. एवढंच, आणि तेही उठता उठता. त्याआधी तासभर म्हशीचं दूध, मुलाची बारावी, घाटातला ट्रॅफिक आणि गुडघेदुखीवरचं तेल. मी एकदा विचारलं, की मुद्द्यावर यायला एवढा वेळ का लावता? तर म्हणाले, "बाई, मागितलं की मानूस कारनं सांगतो. न्हाई मागितलं की त्याला सोताची कारनं सोतालाच सांगायला लागत्यात. ती त्याला पटत न्हाईत."

त्यांचं खरं हत्यार मात्र पाणी होतं. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, आणि आलेला माणूस ते तहान नसली तरी दोन घोट घेतो. न घेणं म्हणजे काहीतरी बिनसलंय. भाऊ सगळीकडे पाणी प्यायचे, तांब्या संपवायचे. पण एखाद्याने फारच ताणलं, तीनदा शब्द देऊन फिरवला, की भाऊ पुढे आलेला पेला हाताने हळूच मागे सारायचे आणि म्हणायचे, "आज पानी नको." आवाज चढवायचे नाहीत. ते उठून गेले की त्या घरात वाद सुरू व्हायचा, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या बाईने सुरू केलेला असायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'आपलं ते' कारखान्यावर पोचतं व्हायचं. हे हत्यार त्यांनी फार क्वचित उपसलं. म्हणायचे, रोज उपसलं तर बोथट होतं, आणि तहानही लागते.

लोणावळ्यातल्या एका चिक्कीवाल्याकडे ते पाणी प्यायले, चहा प्यायले आणि बुटांची टोकं आत करून बसले. शनिवार होता. मुंबईच्या गाड्यांनी बाजार भरलेला. मालकाने ठरवलं होतं की गर्दी आहे म्हणून भाऊंकडे लक्षच द्यायचं नाही. भाऊंनी थोडा वेळ बघितलं, मग उठून काउंटरमागे गेले आणि मदत करायला लागले. मदत म्हणजे, पर्यटकांना चव बघायला तुकडा देतात ना, तो भाऊ द्यायला लागले. तुकडा कसला, निम्मी वडी. "घ्या, घ्या, आपलंच दुकान हाय. शेंगदान्याची झाली, आता काजूची बघा. पोराला द्या. दोन घे रं." एका कुटुंबाने म्हणे दुकानातले सगळे प्रकार चाखून भाऊंबरोबर फोटो काढला आणि ते काहीही न घेता समाधानाने निघून गेलं. मालकाने घाईघाईने चेक लिहिला, भाऊंच्या खिशात घातला आणि हात जोडून म्हणाला, भाऊ, आता घरी जा. भाऊ मला सांगताना अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, की त्यांना वाईट वाटलं, कामात रंग भरत होता.

पण भाऊंची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्याशी त्यांचं फार जुळायचं त्यांच्याकडे ते वसुलीला जायचे आणि वसुली विसरून यायचे. एका अळिंबीवाल्याकडे, म्हणजे मशरूम पिकवणाऱ्याकडे, ते महिनोन् महिने जात होते आणि दर वेळी तोंडभर कौतुक घेऊन परत येत होते. शेवटी मी फारच लावून धरल्यावर पैशांऐवजी टेम्पोभर अळिंबी घेऊन आले. त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात प्रत्येकाच्या डब्यात अळिंबी होती. ज्यांच्या घरी ती चालत नव्हती त्यांनी शेजाऱ्यांना वाटली. हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, हे आमचे सीए आजही सांगू शकत नाहीत. कुणाकडे कधी गेले, काय ठरलं, हे सगळं भाऊंच्या डोक्यात, आणि डोकं टोपीखाली.

म्हणून साहेबांच्या, म्हणजे कारखान्याच्या मालकांच्या, मुलीने वसुलीसाठी सॉफ्टवेअर आणलं तेव्हा मी मनापासून तिच्या बाजूने होते. ती पुण्यातली नोकरी सोडून कारखान्यात आली होती. आम्ही तिला ताई म्हणतो. चलाख मुलगी, ऐकून घेणारी. सॉफ्टवेअरचं काम असं: बिलाची मुदत संपली की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज जातो. तरी पैसे नाही आले तर आपोआप फोन जातो, आणि ध्वनिमुद्रित आवाजात एक बाई शुद्ध मराठीत बोलते: आदरणीय ग्राहक, आपली रक्कम थकीत आहे, कृपया त्वरित भरणा करावा. पैसे आले की माझ्या पडद्यावर हिरवी खूण. मला तर ती हिरवी खूण बघूनच बरं वाटायचं. फोनची वेळ ताईने संध्याकाळची ठेवली, कारण तेव्हा लोक कामातून मोकळे होऊन फोन उचलतात.

भाऊंना तिने सगळं नीट दाखवलं, आणि तुमचं काम जाणार नाही, धावपळ कमी होईल, असं सांगितलं. भाऊंनी फोन कानाला लावून ती बाई ऐकली. ताईने विचारलं, कसं वाटलं? भाऊ म्हणाले, "चांगली हाय. पर लगीन झाल्यालं दिसत न्हाई. कुनाच्या घरचं काय इचारतच न्हाई."

पहिल्या महिन्यात पडदा बऱ्यापैकी हिरवा झाला. चिक्कीवाले घाबरून पैसे भरायला लागले. भाऊ ऑफिसात बसून माझी पेनं एका रांगेत लावायला लागले, आणि ती चुकीच्या रांगेत लावायला लागले.

आता आबांबद्दल सांगायला हवं. टाकव्याच्या पुढे त्यांची गुलाबाची पॉलीहाउसं आहेत. फेब्रुवारीत गुलाबाचा मोठा हंगाम असतो, त्याची खोकी आमच्याकडून जातात, आणि त्या एका ऑर्डरवर आमचे पुढचे दोन-तीन महिने सुरळीत जातात. ती ऑर्डर गेली तर रात्रपाळीच्या माणसांना घरी बसवावं लागतं, हे साहेब कधी बोलत नाहीत पण सगळ्यांना माहीत आहे. आबा पैसे उशिरा द्यायचे आणि पूर्ण द्यायचे. भाऊ त्यांच्याकडे गेले की जेवल्याशिवाय परत येत नसत. आबांच्या मुलीला त्यांनी पॉलीहाउसात रांगताना पाहिलं होतं.

त्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात होतं, हंगामाच्या आधी उरकायचं म्हणून. आदल्या दिवशी संध्याकाळी हळद. अंगणात मोठे स्पीकर लावलेले, आणि गाणी वाजत होती आबांच्याच मोबाइलवरून, कारण पोरांच्या मोबाइलची चार्जिंग नाचण्यात आणि शूटिंगमध्ये संपलेली. ऐन रंगात गाणं थांबलं आणि फोनची रिंग स्पीकरवर घुमली. आबांचे हात हळदीने भरलेले, म्हणून एका भाच्याने मदत म्हणून फोन उचलला. आणि सगळ्या आळीला, व्याह्यांकडून हळद घेऊन आलेल्या पाहुण्यांना, तीन आचाऱ्यांना आणि पलीकडच्या वस्तीला ऐकू गेलं: आदरणीय ग्राहक, आपली रक्कम थकीत आहे.

फोन बंद करायला भाच्याला काही जमेना. बाईने वाक्य पूर्ण केलं आणि मग ते हिंदीतही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तर आबांच्या नावापुढे हिरवी खूण. सगळी रक्कम, शेवटच्या पैशापर्यंत. ताई खूश होऊन टाळी द्यायला आली. तेवढ्यात आबांचा फोन आला, तो साहेबांना नाही, मला नाही, भाऊंना. भाऊ 'व्हय, व्हय' एवढंच म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आबांनी सांगितलं होतं, की तुमचं सगळं मिटवलंय, पुन्हा खोकी घेऊन येऊ नका. आणि भाऊ, तुमाला आमच्या दारात आता पानी मिळायचं न्हाई.

ताईने टाळीसाठी उचललेला हात खाली घेतला. ती म्हणाली, पण रक्कम तर आली ना.

"आली की," भाऊ म्हणाले. "वसूल झालं. मानूस गेला."

साहेबांनी आबांना तीनदा फोन लावला, आबांनी उचलला नाही. मग साहेब म्हणाले की आज लग्नाचा दिवस, आज काही करू नका, आठवड्याने बघू. भाऊंनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले की पत्रिका आलेली आहे, ती काही परत घेतलेली नाही, तेव्हा आपण लग्नाला जातोय. ताई म्हणाली, गाडी मी काढते. मी दहा मिनिटांत जे करायचं ते केलं: साडी, खण-नारळ, पाकीट, पाकिटावर कारखान्याचं नाव. साडी हिरवी घेतली. दुकानात डोळे तिकडेच गेले.

मंडपाच्या दारात आबांचा भाचा पाहुण्यांना पाणी देत होता. आम्हाला दोघींना दिलं, भाऊंकडे येताना त्याने ट्रे वळवला. बिचारा वर बघत नव्हता. आबांनी लांबून आम्हाला पाहिलं आणि पाठ फिरवली. मला वाटलं, आहेर देऊन निघावं. मी भाऊंकडे बघितलं तर ते चपलांच्या ढिगात जागा करून बूट काढत होते. टोकं आत.

मग त्यांनी एका वाढप्याच्या हातातला पाण्याचा जग घेतला आणि पंगतीत पाणी वाढायला सुरुवात केली. पहिली पंगत झाली, दुसरी झाली. प्रत्येकाच्या घरचं विचारत, म्हाताऱ्यांना हसवत, पोरांना दटावत, भाऊ वाकून वाकून पाणी वाढत होते. ताईलाही राहवेना, तिने मिठाचं ताट घेतलं. तिने ज्यांना मीठ वाढलं त्यांना नंतर बरंच पाणी लागलं.

लग्न लागल्यावर आहेर सुरू झाले. आमच्याकडे कुणी काय आणलं हे माइकवरून पुकारतात. भाऊ माइकवाल्याजवळ गेले, साडी दिली आणि त्याच्या कानाशी लागले. माइकवाला गावातलाच, आवाजाचा पक्का. तो एक वाक्य ऐकायचा आणि एक वाक्य पुकारायचा.

"आंबीच्या खोकेवाल्यांकडून वधूस साडी आणि नारळ. तसंच भाऊंचं सांगणं असं आहे, की काल याच स्पीकरवरून जे ऐकू आलं ते उलटं ऐकू आलं." माइकवाल्यालाही आता मजा येऊ लागली होती. "थकबाकी आबांकडे नाही. थकबाकी खोकेवाल्यांकडे आहे. आबांच्या घरच्या इतक्या वर्षांच्या भाकऱ्या त्यांनी खाल्लेल्या आहेत, आणि त्यातली एकही अजून परत केलेली नाही. ती फेडायची त्यांची ऐपत नाही, तरी आबांनी मुदत वाढवून द्यावी."

मंडप हसला. व्याही हसले. नवरी मुंडावळ्यांआडून हसली. आबा हसले नाहीत.

शेवटची पंगत घरच्यांची. आबा बसले, आणि भाऊ जग घेऊन ओळीने येत येत त्यांच्यासमोर आले. आबांनी आपल्या पेल्यावर तळहात ठेवला. भाऊ तसेच वाकून उभे राहिले. मी हातातली बुंदीची वाटी धरून बघत होते. मला वाटतं आख्खी पंगत बघत होती.

आबा म्हणाले, "सकाळधरनं पानी वाढताय. सोता प्यालाव का?"

"न्हाई."

"का?"

"तुमीच म्हनला व्हता. मिळायचं न्हाई म्हनून."

"आन् मी म्हनलं म्हनून उनाचं दिवसभर तसंच ऱ्हायलाव?"

"तुमचा शबुद मी कवा मोडलाय, आबा?"

आबांनी पेल्यावरचा हात काढला. भाऊंच्या हातातून जग घेतला, स्वतःचा पेला काठोकाठ भरला आणि वर धरला. "आदी तुमी प्या. मग मला वाढा."

भाऊंनी तो पेला उभ्या उभ्या, एका दमात रिकामा केला. टोपीच्या टोकाने तोंड पुसलं. आबांनी त्यांना शेजारी ओढून बसवलं, पत्रावळ मागवली, आणि मग आमच्याकडे बघून म्हणाले, "पर त्या बाईला सांगून ठेवा. पुन्यांदा अशी बोलली तर मी ऐकून घ्यायचा न्हाई."

ताईने दचकून माझ्याकडे बघितलं. मीही दचकले.

"ह्या न्हवं," आबा म्हणाले. "ती फोनमधली. लय शुद्ध बोलती."

त्या लग्नात आम्ही तिघं इतकं जेवलो की परतीच्या वाटेत भाऊ आणि मी गाडीतच झोपलो. जानेवारीत आबांची ऑर्डर आली, नेहमीपेक्षा थोडी मोठी. रात्रपाळी चालू राहिली. आणि ऑर्डरचे पैसे, नेहमीप्रमाणे, उशिरा आले.

सॉफ्टवेअर आम्ही काढलं नाही. काढायचं कशाला, चांगलं आहे ते. ताईने दोन बदल केले. पहिला असा, की महिन्याच्या सुरुवातीला मी भाऊंना विचारून एक यादी करायची: कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे दुखवटा, कुणाचं ऑपरेशन. त्या घरी फोन नाही. दुसरा बदल म्हणजे बाईला रजा दिली आणि आवाज भाऊंचा घेतला.

तो आवाज घेताना आमचा सबंध दिवस गेला. समोर माणूस नसेल तर भाऊंना बोलताच येईना. शेवटी समोरच्या खुर्चीत मला देणेकरी म्हणून बसवलं. मग ते म्हशीपासून सुरू करायला लागले. ताई समजावत होती की एवढा लांब फोन नको, आणि रक्कम तरी सांगावीच लागेल. भाऊ म्हणाले, "रक्कम त्यानला ठाव हाय की. ठाव हाय म्हनून तर फोन उचलत न्हाईत." तेही खरंच होतं. शेवटी रक्कम मेसेजमध्ये ठेवली, आणि फोनवर एवढंच राहिलं:

"राम राम. मी भाऊ बोलतोय. घरची समदी बरी हायती न्हवं?" इथे भाऊ उत्तरासाठी थांबतात. ती जागा ताईने कापली नाही. "बरं बरं. आपल्या त्याचं बघा जरा. शुक्करवारी मी पानी प्यायला येतोय."

पुढे काही नाही. पण भाऊ येणार, पाणी पुढे करावं लागणार, आणि त्यांनी पेला मागे सारला तर काय, हे सगळं ऐकणाऱ्याला आपोआप आठवतं. पडदा पूर्वीपेक्षा जास्त हिरवा असतो. काही लोक फोनवर मध्येच उत्तर देतात, म्हशीचं, पोराचं, पावसाचं सांगतात, आणि भाऊ पुढचं ऐकत नाहीत म्हणून रागावतात. एका बेकरीवाल्याने तक्रार केली की भाऊ हल्ली फार घाईत असतात.

भाऊ आता कामावर येत नाहीत. गुडघ्यांनी संप केला. नवलाख उंबरे गावी, घरीच असतात, बूट पलंगाखाली पुसून ठेवलेले. शुक्रवारी सकाळी ताई त्यांना गाडीत घालून दोन-तीन घरी फिरवून आणते, पाणी प्यायला. यादीसाठी मी फोन करते तेव्हा आधी माझ्या घरचं सांगावं लागतं, सुटका नाही.

काम सोडताना त्यांनी एक अट घातली होती. फोन जातात त्या यादीत त्यांचाही नंबर ठेवायचा. आपल्या नावाने कोण काय बोलतंय, हे आपल्याला कळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा दर महिन्याला भाऊंना भाऊंचा फोन जातो. त्यांची सून सांगते की ते टोपी घालून तो उचलतात आणि थांबण्याच्या जागी घरचं सगळं व्यवस्थित सांगतात.

गेल्या महिन्यात मी विचारलं, काय भाऊ, तुमचा फोन आला होता का तुम्हाला?

"आलता की," ते म्हणाले. "बोलायला मानूस लय ग्वाड हाय, बाई. पर शुक्करवारी येतो म्हनतो आन् येत न्हाई. मी तांब्या भरून बसतो."